दुखतंय म्हणाला, म्हणजे दुखतंय

सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून, बोरगाव-वणी-दिंडोरी करत आलेली आई मुलाला घेऊन समोर बसते. केसपेपर, सिकलसेलचं कार्ड, गोळ्यांची पाकिटं, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणलेलं. काय होतंय, असं विचारलं तर ती गाठ सोडता सोडता खाली बघूनच सांगते, "शाळेत म्हणतात, नाटक करतो."

मुलगा अकरा वर्षांचा, दिसतो आठचा. डोळे पिवळसर. तो काहीच बोलत नाही, खिडकीबाहेर बघतो.

नाशिकमध्ये लहान मुलांच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या मुलांना मानसिक आधार म्हणजे काय हे सांगायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

बघणाऱ्याला नाटक का वाटतं, ते कळायला आधी रक्तात काय होतं ते पाहू. पेठ तालुक्यातले एक वडील दर हिवाळ्यात दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला येतात. मी त्यांना कागदावर रक्तवाहिन्या काढून दाखवत होते. मध्येच म्हणाले, "म्हणजे ठिबक चोक होतं तसं ना मॅडम? नळी वरून चांगली दिसते. पण आत क्षार धरले की पुढचं झाड मान टाकतं." त्या दिवसापासून मी चित्र काढणं सोडलं, ठिबकच सांगते.

लाल पेशी एरवी गोल आणि मऊ असते. बारीक नळीतून चेपून गेली तरी पलीकडे पुन्हा गोल होते. तिच्या आत हिमोग्लोबिन असतं. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. फरक एवढाच. पण त्यामुळे ऑक्सिजन देऊन मोकळं झालेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, त्याच्या लांब काड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकून ताठ होते. साधी लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून अंगात रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. आणि अशा पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकल्या की पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही. तेव्हा जे दुखतं त्याला वॉर्डात 'क्रायसिस' म्हणतात. थंडी, ताप, पोटात पाणी कमी, अति दमणूक, यातलं काहीही निमित्त पुरतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी कडाक्याची, नेमके तेव्हाच आईबाप बागांवर आणि मूल आश्रमशाळेत.

विळ्याच्या आकाराच्या या पेशींचं वर्णन शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली छापलं. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये त्या सापडल्याची नोंद १९५२ ची. म्हणजे रक्ताची ओळख तशी जुनी आहे. दुखण्याची मात्र अजून पटवून द्यावी लागते, कारण बाहेरून काही दिसत नाही. जखम नाही, बऱ्याचदा सूजही नाही, एक्स-रे स्वच्छ. वडिलांची ती नळी. सकाळी मैदानावर पळणारं मूल दुपारी मांडी धरून कण्हतं. त्यात ज्याला वारंवार दुखतं ते मूल हळूहळू रडणं सोडून देतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहतं किंवा मोबाईलमध्ये डोकं घालतं. बघणारा म्हणतो, मोबाईल बघतोय म्हणजे एवढं काही नसेल. खरं तर मोबाईल बघूनच ते दुखणं काढत असतं.

म्हणून मानसिक आधाराची पहिली पायरी गोड बोलणं नाही, डोक्यावरून हात फिरवणंही नाही. दुखतंय म्हणाला, म्हणजे दुखतंय, एवढं मान्य करणं आणि लगेच औषध देणं. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शनात तीव्र दुखणं घेऊन आलेल्या रुग्णाला दवाखान्यात आल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळावं, असं म्हटलंय. हा तास मला मानसोपचाराचाच भाग वाटतो. तास तास बाकावर थांबवलेलं मूल पुढच्या वेळी दुखायला लागल्यावर सांगतच नाही. सहन होईनासं झालं की मग आणतात, आणि तेव्हा काम दुप्पट झालेलं असतं.

किती दुखतंय हे विचारायचं कसं? वॉर्डात चेहऱ्यांची एक पट्टी असते. हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत सहा चित्रं, मुलाने बोट ठेवायचं. वरच्या त्या अकरा वर्षांच्या मुलाने मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. त्याचे ओठ आवळलेले, पाय पोटाशी. सिस्टर म्हणाल्या, हा तर खूप दुखत असल्यासारखा झोपलाय. मग मी शेवटचं चित्र दाखवून विचारलं, असं नाही दुखत? तो म्हणाला, "तो रडतोय. मी नाही रडत." पट्टीतला चेहरा त्याच्या लेखी दुखण्याचा नव्हता, रडण्याचा होता, आणि रडका म्हणवून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

सिस्टरांनी पट्टी ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी घरून चार चिंचोके आणले. एक म्हणजे थोडंसं दुखतंय, चार म्हणजे यापेक्षा जास्त दुखूच शकत नाही. तुझ्याकडे आत्ता किती आहेत? त्याने चारही उचलले आणि मूठ मिटून घेतली. (ही युक्ती आमची नाही. बाहेर लहान मुलांसाठी चार चकत्या घेऊन असंच विचारतात. चिंचोके तेवढे आमचे.)

आता थोडं अवघड वळण. मनाचा आणि दुखण्याचा संबंध आहे असं म्हटलं की ऐकणारा लगेच म्हणतो, "म्हणजे मनाचेच खेळ." तसं नाही. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं, की दुखऱ्या जागेहून निघालेला संदेश थेट मेंदूत जाऊन आदळत नाही. वाटेत मज्जारज्जूत जणू एक दार असतं. पाटाला दार असतं तसं. ते किती उघडं यावर शेतात किती पाणी जाणार ते ठरतं. भीती, एकटेपणा, आता काय होणार ही धास्ती दार उघडतात. दुखरी जागा चोळणं, ऊब, लक्ष दुसरीकडे लागणं, ओळखीचं माणूस जवळ असणं दार ओढून घेतात. पाणी खरंच असतं, दारही खरंच असतं. पुढे हे चित्र बरंच सुधारलं गेलं, पण दाराची कल्पना टिकली.

सिकलसेलमध्ये याला आणखी एक पदर आहे. माणूस घाबरला की हातापायांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हे आपल्या सगळ्यांचं होतं, म्हणून परीक्षेच्या वेळी बोटं गार पडतात. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये मनावर ताण आला, नुसती दुखणार अशी चाहूल लागली, तरी बोटांतला रक्तप्रवाह कमी होतो, हे संशोधकांनी यंत्र लावून मोजलंय. आधीच चोक व्हायला टेकलेली नळी, ती आणखी अरुंद झाली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. अशा मुलाची भीती कमी करणं हे त्याच्या रक्तवाहिन्यांसाठी केलेलं काम आहे.

करायचं काय, तर फार साध्या गोष्टी. सुई टोचताना "काही दुखणार नाही हं" असं कधीही म्हणायचं नाही. ते खोटं असतं आणि मुलाला दुसऱ्याच क्षणी कळतं. "मुंगी चावल्यापेक्षा जास्त दुखेल, पण पाच अंक मोजेपर्यंत" हे चालतं. या मुलांची शीर लवकर सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागतं, तेही आधीच सांगायचं. डावा हात की उजवा, हे त्याला ठरवू द्यायचं. मूल लहान असेल तर आडवं दाबून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर बसवायचं. आणि श्वास. शहरातल्या वॉर्डात साबणाचे फुगे उडवायला देतात. आमच्याकडच्या मुलांना मी विचारते, घरी फुंकणी कोण मारतं? हात वर होतात. मग चूल पेटवायची आहे असं समजून लांब, सावकाश फुंकर. जोरात फुंकलं तर राख उडते हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत असतं. लांब उच्छ्वासाने धडधड खाली येते, खांदे सैल पडतात. डोळे मिटून आवडत्या जागी जाऊन येणं हाही एक उपाय. पुस्तकात समुद्रकिनारा सांगतात. आमची मुलं शेरडांमागे डोंगरावर जातात. तिथे काय दिसतं, वारा कुठून येतो, सांग बरं, असं विचारत राहायचं.

पण हे सगळं औषधाच्या जोडीने. औषधाऐवजी फुंकणी दिली, तर तो पुन्हा 'नाटक करतो'चाच प्रकार झाला. छातीत दुखून धाप लागणं, ताप १०१ फॅरनहाइटच्या पुढे जाणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, पोटाची डावी बाजू फुगून मूल पांढरंफटक पडणं, यातलं काहीही दिसलं तर समुपदेशन बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. भगताकडे जायचं असेल तर जा, मी कुणाला अडवत नाही. पण दवाखान्यातून परत येताना.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. अंथरूण ओलं होणं.

सिकलसेलच्या मुलांमध्ये हे बरंच दिसतं, आणि मोठ्या वयापर्यंत. कारण मूत्रपिंडात आहे. लघवी घट्ट करून पाणी वाचवण्याचं काम तिथला जो आतला भाग करतो, तिथे ऑक्सिजन एरवीच कमी असतो, त्यामुळे पेशी आधी तिथेच वाकतात आणि तो भाग लहानपणीच निकामी होत जातो. मग लघवी पातळ, भरपूर आणि रात्रीही. आश्रमशाळेत चाळीस मुलं एका खोलीत ओळीने झोपतात. सकाळी कुणाची गोधडी बाहेर वाळत पडलीय हे सगळ्यांना दिसतं. टोपणनाव पडायला एक सकाळ पुरते. त्या अकरा वर्षांच्या मुलाने घरी न सांगितलेली, मला तिसऱ्या भेटीत सांगितलेली गोष्ट ही होती. तो रात्री झोपतच नव्हता. जागरण, दमणूक, मग क्रायसिस.

आणि मोठी माणसं यावर काय करतात? संध्याकाळी पाच-सहानंतर पाणी बंद. साध्या मुलाला हा सल्ला चालून जातो. सिकलसेलच्या मुलाचं पाणी तोडणं म्हणजे ठिबकचा दाब कमी करून नळी स्वच्छ राहील अशी आशा धरणं. मूत्रपिंड पाणी धरूच शकत नाही, म्हणजे लघवी तर होणारच. वर रक्त घट्ट होणार. कबूल करते, कामाला लागल्यावर पहिल्या वर्षी मीही एका आईला हाच सल्ला दिला होता. बालरोगतज्ज्ञांनी माझा कागद वाचला आणि मला कोपऱ्यात घेऊन समजावलं. तेव्हापासून मी असं सांगते: पाणी दिवसभर भरपूर, रात्री एकदा-दोनदा उठवायचं, अंथरुणाखाली मेणकापड, ओलं झालं तर ते मुलाने स्वतः गुपचूप बदलावं म्हणून जास्तीची चादर. आणि मुलाला स्पष्ट शब्दांत सांगायचं, हे तुझ्या आळसाने होत नाही, मूत्रपिंडामुळे होतं. हे ऐकताना मुलाच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघायला अधीक्षकांनी एकदा तरी समोर असावं.

शाळेचं दुखणं आणखीही आहे. गैरहजेरी, त्यामुळे मागे पडणं, ठेंगणी उंची, वयात उशिरा येणं. मेंदूच्या बारीक रक्तवाहिनीत अडथळा येऊन वरून काहीही न दिसणारा लहानसा झटका येऊ शकतो. हातपाय ठीक चालतात, पण लक्ष लागत नाही, सांगितलेलं लक्षात राहत नाही. वर्गात त्याला 'ढ' म्हणतात. अभ्यासात एकाएकी घसरलेल्या मुलाला शिकवणीला घालण्याआधी डॉक्टरांना दाखवा, हे मी शिक्षकांना हात जोडून सांगते.

घरात काय चालतं, तर बहुतेक वेळा आईवर ठपका. "हिच्या माहेरचं आहे." मुलाला एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, होण्यासाठी एक दोषी जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून यावं लागतं. बहुतेकदा दोघेही वाहक, म्हणजे एएस, असतात आणि वाहकाला सहसा काही त्रास नसतो, म्हणून कुणाला पत्ता नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता एसएसची, ५० टक्के एएसची, २५ टक्के पूर्ण निरोगी मुलाची. प्रत्येक वेळी नव्याने. "एकाला झालं, आता पुढचे तीन सुटले" हा हिशोब चुकीचा आहे, आणि तो भलताच महागात पडतो. हे सांगताना मी आई आणि वडील दोघांना, जमलं तर आजीलाही समोर बसवते. एकट्या आईला सांगितलं तर घरी जाऊन तिलाच पुन्हा आरोपी म्हणून उभं राहावं लागतं. भावंडांना विसरू नका. आजारी भावाला सफरचंद आणि आपल्याला नागलीची भाकरी, हे सहा वर्षांच्या बहिणीला बरोबर दिसतं.

चौदा-पंधराव्या वर्षी नवाच प्रश्न येतो. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यायची असते. ती जन्माच्या वेळी आपल्या अंगात असतं ते हिमोग्लोबिन वाढवते, आणि ते जास्त असलं की पेशी कमी वाकतात. पण ही दुखण्याची गोळी नाही. आज घेतली म्हणून आज काही वाटत नाही, आज सोडली म्हणून आज काही होत नाही. मुलाच्या लेखी ती फक्त रोज सकाळी आठवण करून देते, तू आजारी आहेस. मग गोळी उशीखाली जाते. ओरडून उपयोग होत नाही. मी विचारते, गेल्या आठवड्यात किती राहिल्या? 'का राहिल्या' असं विचारलं की खोटं सुरू होतं. आकडा विचारला तर खरा सांगतात. मग दात घासण्याशी गोळी बांधायची आणि क्रायसिसचे दिवस कॅलेंडरवर लाल करायचे. सहा महिन्यांनी मूल स्वतःच पानं मागे-पुढे करून बघतं.

मदत कुठे मिळते? नाशिकच्या सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मूल आवडता खेळ सोडून देतं, आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नाही, "मी मेलो तर बरं" म्हणतं, तेव्हा वाट बघू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचं प्रमाणपत्र काढायला लाजू नका. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं होतं. मोहिमेत समुपदेशनही आहे. माझं म्हणणं इतकंच, की शिबिराच्या गर्दीत हातात कार्ड ठेवताना समोर दहा मिनिटं बसायला माणूस हवा. नाहीतर एएस लिहिलेलं कार्ड घेऊन धडधाकट मुलगी घरी जाते आणि आता आपलं लग्न होणार नाही म्हणून रात्रभर रडते.

त्या अकरा वर्षांच्या मुलाला घरी सोडताना आम्ही आश्रमशाळेच्या अधीक्षकांना पत्र लिहायला बसलो. डॉक्टरांनी औषधं आणि तापाचं सांगितलं. मी लिहिलं: पाण्याची बाटली वर्गात जवळ असू द्यावी, लघवीला जाण्यासाठी परवानगी मागायला लावू नये, थंडीत आंघोळीला कोमट पाणी द्यावं, स्वेटर घालून प्रार्थनेला उभं राहू द्यावं, रात्री एकदा उठवावं. दुखतंय म्हणाला तर आधी गोळी आणि पाणी द्यावं, चौकशी नंतर. पळण्याच्या खेळातून वगळावं, असंही लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं.

तो म्हणाला, शेवटचं खोडा. मग काय लिहू?

"खो-खोला मला बाहेर बसवू नका. शिट्टी माझ्याकडे द्या."

तसंच लिहिलं.